आजारी दिवसाचा रोज

सोमवारी रात्री ताप चढला तर मंगळवारी सकाळी सोसायटीचा कचरा कोण उचलणार, हा पुण्यातल्या कचरावेचक बाईच्या घरातला पहिला प्रश्न असतो. डॉक्टर नंतर. आधी बदली शोधायची. सून घरी असेल तर सून, ती धुण्याभांड्याला जात असेल तर मुलगी, मुलीची परीक्षा असेल तर जाऊ, नाहीतर वस्तीतली एखादी ओळखीची. बदलीवर जाणारीला त्या दिवसाचे पैसे मोजावे लागतात, किंवा त्या दिवसाचं भंगार तिचं, असं आपसांत ठरतं. बदली मिळालीच नाही तर तापाची गोळी घेऊन बाई स्वतःच ढकलगाडी बाहेर काढते. दोन दिवस कचरा साचला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर तक्रारी सुरू होतात आणि महिनाअखेरीला काही घरं शुल्क देताना त्या दोन दिवसांची आठवण करून देतात.

तिच्या आजाराची नोंद कुठल्याही रजिस्टरमध्ये होत नाही. हजेरीपत्रकच नाही, तर गैरहजेरी कुठून येणार? सरकारी वर्गवारीत ती स्वयंरोजगारित आहे, म्हणजे स्वतःच्या कामाची स्वतःच धनीण. धनीण असल्यामुळे तिला रजा देणारा कुणी नाही आणि आजारपणात हातावर चार पैसे ठेवणाराही कुणी नाही.

अशी माणसं या देशात मूठभर नाहीत. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०१७-१८ मध्ये काम करणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोक स्वयंरोजगारित होते. २०२३-२४ मध्ये हा आकडा ५८ टक्क्यांवर गेला. बायकांमध्ये याच काळात तो ५२ वरून ६७ टक्क्यांवर पोचला, आणि या बायकांपैकी निम्म्याहून अधिक घरच्या शेतात किंवा घरच्या दुकानात बिनपैशाने राबणाऱ्या आहेत. नियमित पगाराची नोकरी पाचात जेमतेम एकाला. रजा, भविष्य निर्वाह निधी, विमा, प्रसूतीचा पगार ही आपली सगळी व्यवस्था त्या पाचातल्या एकासाठी रचलेली आहे.

गरीब आणि श्रीमंत यांच्या आरोग्यातल्या दरीबद्दल आपल्याकडे बोललं जातं तेव्हा चर्चा बहुतेक दवाखान्याच्या बिलापाशी घुटमळते. बिल महत्त्वाचं आहेच. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत रुग्णालयात भरती होण्याचा एका वेळचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात सुमारे ४,४५० रुपये आणि खासगीत सुमारे ३१,८५० रुपये निघाला होता. पण ज्याचं पोट रोजच्या कमाईवर आहे, त्याच्या आजाराची सुरुवात बिलाच्या कितीतरी आधी होते. दवाखान्यात गेलं तर आजची कमाई बुडते, म्हणून तो जात नाही. जात नाही, म्हणून दुखणं वाढतं. वाढलेलं दुखणं एक दिवस त्याला झोपवतं आणि मग बिल येतं. त्याचा हा बुडालेला दिवस कुठल्याच आरोग्य योजनेच्या हिशेबात धरलेला नाही. माझ्या मते आपल्या राज्यातल्या आरोग्यविषमतेचं मूळ शोधायचं तर ते या दिवसात शोधायला हवं.

एका कचऱ्याला चार हात

पुण्यातला कचरा चार तऱ्हेच्या माणसांच्या हातांतून जातो. पहिले महापालिकेचे कायम सफाई कामगार. त्यांना वेतन आयोगाप्रमाणे पगार आहे, रजा आहेत, महापालिकेची अंशदायी वैद्यकीय साहाय्य योजना आहे आणि लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे वारसाला नोकरी मिळण्याची वाट आहे. दुसरे ठेकेदाराकडचे. त्यांना किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा मिळायला हवा, आणि तो मिळतो की नाही यावर संघटनांना सतत डोळा ठेवावा लागतो. तिसऱ्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद. त्या दारोदार कचरा गोळा करतात, घरटी शुल्क घेतात आणि त्यातलं भंगार विकून उरलेलं कमावतात. चौथ्या पोतं घेऊन रस्त्यावर, नाल्याकाठी, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत वेचत फिरणाऱ्या. त्यांच्यातल्या कित्येकींकडे ओळखपत्रही नसतं.

वापरलेलं डायपर चौघांच्याही हाती तेच येतं. फुटलेली काच आणि इंजेक्शनची सुईही तीच. धनुर्वात, कावीळ, लेप्टो, क्षय यांना कुणाच्या नेमणुकीचा कागद दिसत नाही. पण सुई टोचल्यानंतर पुढे काय होतं, ते मात्र पूर्णपणे त्या कागदावर ठरतं. पहिला कामगार रजा टाकून तपासणी करून घेतो. चौथी बाई बोट पदराला पुसते आणि पुढच्या ढिगाकडे वळते.

ब्रिटनमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास झाला. व्हाइटहॉल या नावाने तो ओळखला जातो आणि मायकेल मार्मट यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. तळाच्या श्रेणीतल्या पुरुषांचा मृत्युदर वरच्या श्रेणीतल्यांच्या सुमारे तिप्पट निघाला, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर तो थोडाथोडा वाढत गेलेला दिसला. ध्यानात घ्यायची गोष्ट अशी, की त्या सगळ्यांना कायम नोकरी होती, महिन्याचा पगार होता आणि मोफत सरकारी आरोग्यसेवा होती. एवढं सगळं असूनही पायरी खाली गेली की आयुष्य कमी होत होतं. पुण्याच्या कचऱ्यातल्या वरच्या आणि खालच्या पायरीत तर पगार असणं आणि नसणं एवढं अंतर आहे.

या कामात आलेल्या बायका कोण, हे न सांगता पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. बहुतेक जणी मातंग आणि नवबौद्ध समाजातल्या. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर, नगरकडून पुण्यात आलेल्या घरांतल्या किंवा त्यांच्या लेकीसुना. जमीन नव्हती, शिक्षण नव्हतं, आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात त्यांना प्रवेश मिळणं सोपं नव्हतं. कचरा कुणाच्या मालकीचा नव्हता, म्हणून त्यांना मिळाला. ‘स्वयंरोजगार’ या सरकारी रकान्यात जे निवडीचं स्वातंत्र्य गृहीत धरलेलं असतं, ते या घरांच्या वाट्याला कधी आलंच नाही.

१९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागात काम करणाऱ्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण, सोबत हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव आणि स्वतः वेचक बाया. पहिली मागणी पैशाची नव्हती, ओळखपत्राची होती. भंगार घेऊन जाणाऱ्या बाईला चोर समजून चौकीवर नेणं तेव्हा नित्याचं होतं. नव्वदीच्या मध्यावर महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली.

त्यानंतरचा युक्तिवाद मला फार महत्त्वाचा वाटतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी २००१ च्या सुमारास झालेल्या अभ्यासात पंचायतीच्या कार्यकर्त्यांनी हिशेब मांडला: या बायका जो माल कचऱ्यातून बाहेर काढतात, तो महापालिकेला वाहून न्यावा लागत नाही आणि त्यातून महापालिकेचे वर्षाला एक कोटीहून अधिक रुपये वाचतात. एकेक बाई दर महिन्याला शहराला सुमारे २४६ रुपयांचे श्रम फुकट देते. हे वाचलेले पैसे आमचे आहेत, त्यातून आमचा विमा काढा, असं त्यांचं म्हणणं. २००२-०३ पासून महापालिकेने नोंदणीकृत वेचकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. पुढे २००७ मध्ये ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेची नोंदणी झाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार. आज तिच्या सभासदांची संख्या साडेतीन हजारांच्या आसपास आहे.

दान मागितलं नाही, येणं मागितलं. हा फरक या लेखात पुढेही लागणार आहे.

अंगावर काढलेलं

सकाळी साडेसहा-सातला कामाला लागायचं तर घरातून पाचला हालचाल. चहा आणि बरोबर बटर किंवा रात्रीची भाकर. चार मजली बिनलिफ्टच्या इमारती असतील तर डबे घेऊन जिने चढायचे. मग सुक्यातला पुठ्ठा वेगळा, बाटल्या वेगळ्या, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, काच वेगळी. वाकून, उकिडवं बसून दोन-तीन तास निवड चालते. पाठ, मान आणि गुडघे चाळिशीच्या आतच बोलू लागतात. नंतर पोतं पाठीवर किंवा गाडीवर घेऊन भंगारवाल्याकडे. तिथे जो भाव त्या दिवशी असेल तो.

हा भाव कुणाच्या हातात नसतो. २००८ च्या अखेरीला जगभरच्या मंदीत पुठ्ठ्याचे आणि प्लास्टिकचे भाव कोसळले, तेव्हा त्याची झळ थेट या पोत्यापर्यंत आली. २०२० च्या टाळेबंदीत भंगाराची दुकानंच बंद होती. शहराचा कचरा मात्र रोज निघत होता आणि बायका तो उचलत होत्या. मिळकत अशी वरखाली होते तेव्हा घरातला सगळ्यात पहिला कापला जाणारा खर्च कुठला, हे वस्तीत कुणालाही विचारा. दूध, फळ, अंडं जातं आणि रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी आढळल्या. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. वाढलं. ही सगळ्या राज्याची सरासरी आहे. भर उन्हात गाडी ढकलणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन कुठल्या बाजूला असेल, ते सांगायला नको. त्यात कामाच्या पट्ट्यात स्वच्छतागृह नाही. ज्या सोसायटीचा कचरा उचलायचा, तिच्या रखवालदाराचं स्वच्छतागृह वापरायची परवानगी मिळाली तर नशीब. म्हणून पाणी कमी प्यायचं. कमी पाणी, मग मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मग जळजळ, मग पुन्हा अंगावर काढणं.

सॅनिटरी पॅड हा त्यांच्या दुखण्यातला वेगळाच अध्याय आहे. उघडे, न गुंडाळलेले पॅड हाताने निवडावे लागतात, म्हणून ‘स्वच्छ’च्या सभासदांनी ते कागदात बांधून वर लाल ठिपका काढण्याची विनंती घरोघर केली. २०१३ मध्ये तर त्यांनी वापरलेले पॅड पोत्यांत भरून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवले. तुमच्या मालाची विल्हेवाट तुम्ही लावा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. त्या पोत्यांमधला संताप मला न्याय्य वाटतो आणि तो अजून पुरता ऐकला गेला आहे असं वाटत नाही.

आता दवाखान्याची वेळ बघा. महापालिकेच्या दवाखान्यातला बाह्यरुग्ण विभाग मुख्यतः सकाळचा. बाईची कामाची वेळ तीच. केसपेपर, रांग, डॉक्टर, रक्त तपासायला उद्या या, रिपोर्टला परवा या. मोफत उपचाराचे तीन दिवस म्हणजे तीन बदल्या. त्यापेक्षा संध्याकाळी वस्तीतल्या खासगी डॉक्टरकडे जाऊन इंजेक्शन आणि दोन दिवसांच्या गोळ्या घेतल्या की दुसऱ्या दिवशी उभं राहता येतं. शिकलेले लोक याला अडाणीपणा म्हणतात. मला त्यात अगदी पक्का हिशेब दिसतो. शंभर-दोनशे रुपये देऊन ती बाई दिवस वाचवते. मुंबईत आणि नंतर राज्यभर ‘आपला दवाखाना’ ही योजना दुपारनंतर रात्रीपर्यंतच्या वेळेची आखली गेली, ती म्हणूनच योग्य दिशेची होती. डॉक्टर, औषधं आणि तपासण्या तिथे टिकल्या पाहिजेत, हा मुद्दा उरतोच.

विमा कुणाला पोचतो

राज्याची राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये ८ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. केंद्राची आयुष्मान भारत २०१८ मध्ये आली. आता दोन्ही मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोगाचे उपचार, डायलिसिस अशा गोष्टींसाठी या योजनांनी हजारो घरं वाचवली आहेत. त्यांना नावं ठेवणं मला मान्य नाही.

पण योजनेचं दार रुग्णालयात भरती झाल्यावर उघडतं. गुडघेदुखी, मधुमेह, रक्तदाब, दमा, पांढरं जाणं, टाच दुखणं, हे रोजचं दुखणं दाराबाहेर राहतं. आणि भरती झालेल्या बाईचा पाच दिवसांचा रोज योजनेच्या पॅकेजमध्ये नसतोच. तिच्याजवळ थांबणाऱ्या नवऱ्याचा किंवा मुलीचाही नसतो. बिल शून्य आलं तरी घरात उधारी होते, कारण दोन माणसांची कमाई थांबलेली असते.

नोकरदाराला हा प्रश्न का पडत नाही? १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात याचं उत्तर पूर्वीच दिलेलं आहे. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार त्याच्या पगाराच्या ०.७५ टक्के भरतो, मालक ३.२५ टक्के भरतो. त्या बदल्यात औषधोपचार तर मिळतोच, पण आजारी पडला तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कमही मिळते. क्षयासारखा दीर्घ आजार झाला आणि दोन वर्षं विमा भरलेला असला, तर ८० टक्के पगार दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. बाळंतपणासाठी २६ आठवडे पूर्ण पगार.

हाच क्षय कचरावेचक बाईला झाला तर? औषधं मोफत, आणि निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये. २०२४ च्या अखेरीपर्यंत ते ५०० होते. किमान सहा महिने उपचार. सुरुवातीचे आठवडे अंगात बळ नसतं, उलट्या होतात, काम जमत नाही. १,००० रुपयांत महिना काढायचा कसा? म्हणून दुसऱ्या महिन्यात थोडं बरं वाटताच बाई पुन्हा गाडीवर. औषधं मध्येच का सोडतात, यावर किती कार्यशाळा होतात! मला वाटतं, त्या कार्यशाळांत एकदा किराणा दुकानदाराची वही आणून ठेवावी. बाळंतपणाचंही तसंच. पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये, तेही हप्त्यांत. २६ आठवड्यांच्या पगारासमोर हे ५,०००.

तुलना अन्यायाची वाटेल, पण ती एकाच शहरातल्या, एकाच वयाच्या, एकाच आजाराच्या दोन बायकांची आहे. एकीला मालक सापडला, दुसरीला नाही, एवढाच दोघींमधला फरक.

हमालांनी काय केलं

मालक नसलेल्याला मालकाच्या जबाबदारीचे हक्क देता येतात, हे महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वीच करून दाखवलं आहे, आणि तेही एका दवाखान्यापासून सुरू झालेल्या वाटेने. डॉ. बाबा आढाव पुण्याच्या नाना पेठेत दवाखाना चालवत. जवळच भुसार बाजार. तिथले हमाल पाठ, मान, छाती धरून यायचे. १०० किलोचं पोतं दिवसभर पाठीवर वाहणाऱ्याला मलम देऊन पुन्हा त्याच पोत्याखाली पाठवण्यात काय अर्थ होता? १९५५ मध्ये हमाल पंचायत सुरू झाली. पोत्याचं वजन ५० किलोंवर आणा, ही मागणी ती पुढे अनेक दशकं लावून धरत राहिली. १९७४ मध्ये पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ हे उपाहारगृह काढलं, कारण चहा-पावावर ओझं वाहणाऱ्याला आधी स्वस्त आणि पोटभर जेवण लागतं. हाडाचा डॉक्टर असाच विचार करतो, असं मला वाटतं.

हमालाचा मालक कोण? व्यापारी म्हणायचा मी नाही, तो तर दहा गाळ्यांवर काम करतो. शेतकरी म्हणायचा मी माल आणून टाकला, पुढचं मला माहीत नाही. ट्रकवाला तर निघूनच गेलेला. या गुंत्यावर १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्याने मार्ग काढला. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालचा माथाडींचा लढा त्यामागे होता. कायद्याने मालक शोधत बसण्याऐवजी मंडळ नेमलं. कामगार मंडळाकडे नोंदवायचा, काम करवून घेणाराही नोंदवायचा. मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्हीही भरायची. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, सुट्ट्या, वैद्यकीय मदत, अपघाताची भरपाई. दहा गाळ्यांवर विखुरलेली जबाबदारी एका खात्यात जमा झाली.

या कायद्याच्या नावाखाली खंडण्या उकळणाऱ्या बोगस संघटना उभ्या राहिल्या, ही तक्रार खरी आहे. २०२३ मध्ये सरकारने दुरुस्तीचं विधेयक आणलं, तेव्हा जुन्या संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. गुंडांवर कारवाई करा, मंडळ मोडू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटतं. बाजार समितीतला म्हातारा हमाल निवृत्तीला काही रक्कम घेऊन गावी जातो, हे त्या मंडळामुळे.

अशी व्यवस्था जिथे नाही, तिथे माणसं काय करतात? बीड जिल्ह्याने त्याचं उत्तर दिलं, आणि ते ऐकवत नाही. ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं. हिशेब टनावर. एक दिवस खाडा झाला तर त्या दिवसाची तोड तर गेलीच, वर ५०० रुपयांच्या घरात दंड. कारखाना म्हणतो, ही आमची माणसं नाहीत, मुकादमाची आहेत. पाळीच्या दिवसांत, अंगावर पांढरं जात असताना, पालात राहून, पहाटेपासून मोळ्या बांधणाऱ्या बायकांना डॉक्टरने गर्भाशय काढायला सांगितलं आणि त्यांनी ते काढून घेतलं. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. सहा जणींमागे एक. डॉक्टरांचा लोभ त्यात होताच. पण शस्त्रक्रियेचं कर्ज काढून का होईना, यापुढे खाडा होणार नाही, हा विचार त्या बायकांच्या मनात कुणी पेरला? दंडाने पेरला. त्यानंतर ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि सरकारने तेवढेच घालायचे, असं ठरलं. उशिरा का होईना, लेव्हीचंच तत्त्व पुन्हा मान्य झालं.

कर्ज आहे, रजा नाही

रिक्षावाल्याचं वेगळं काय आहे? परवाना त्याचा, गाडी त्याची, म्हणजे अर्धी बँकेची. तृतीय पक्ष विमा भरल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही आणि ते बरोबरच आहे. गाडी चालवणाऱ्याच्या आजारपणाचा मात्र कुठलाही विमा सक्तीचा नाही. दहा-बारा तास धुरात आणि हादऱ्यांत बसून कंबर जाते, लघवी अडवून धरल्याने त्रास होतात, आणि ज्या दिवशी गाडी उभी राहते त्या दिवशीही हप्ता चालू असतो. ॲपवर जेवण पोचवणाऱ्या पोरांना तर ‘भागीदार’ म्हणतात. पाय मोडला की ॲप बंद करायचं, भागीदारी तिथेच संपते.

स्वयंरोजगाराला प्रोत्साहन म्हणून गेल्या दशकात आपण सगळ्यात उदारपणे काय दिलं, तर कर्ज. मुद्रा आहे, पथविक्रेत्यांसाठी २०२० पासून स्वनिधी आहे, ज्यात पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं होतं. सावकारापेक्षा हे केव्हाही चांगलं. पण कर्जाने धंदा वाढतो तेव्हा माणूस उभा असतो. आडवा पडल्यावर तेच कर्ज त्याला लवकर उठायला लावतं. इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९८८ मध्ये ‘श्रमशक्ती’ हा अहवाल दिला, तेव्हापासून स्वयंरोजगारित बायकांचं आरोग्य, बाळंतपण आणि पाळणाघर हे विषय सरकारदरबारी लिहिलेले आहेत. २००८ मध्ये असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. २०२१ मध्ये ई-श्रम पोर्टल आलं आणि त्यावर ३० कोटींहून अधिक लोकांनी नावं नोंदवली. नावं घेतली, कार्ड दिलं. आजारी पडलेल्या दिवसाचे पैसे द्यायची पाळी आली की सगळ्या याद्या गप्प होतात.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत एक फट आहे. कर्मचारी राज्य विम्याचे लाभ असंघटित आणि ॲपवरच्या कामगारांना देण्याची योजना केंद्र सरकार करू शकेल, असं त्यात म्हटलं आहे. ‘करू शकेल’ हे ‘करील’ नव्हे, हे खरं. तरी त्या फटीत पाय घालून उभं राहायला हवं, आणि त्यासाठी महाराष्ट्रासारखं दुसरं राज्य नाही, कारण लेव्हीचं मंडळ कसं चालवायचं याचा अर्ध्या शतकाचा अनुभव आपल्याकडे आहे.

कचऱ्याचाच हिशेब मांडू. १५,००० रुपये पगाराच्या कामगाराचे राज्य विम्यासाठी दोन्हीकडचे मिळून महिन्याला ६०० रुपये भरले जातात. ‘स्वच्छ’च्या साडेतीन हजार सभासदांसाठी तेवढेच धरले तर वर्षाला अडीच कोटी रुपये होतात. या कामात दुखणी जास्त, म्हणून दुप्पट धरा: पाच कोटी. पुणे महापालिकेचं वार्षिक अंदाजपत्रक आता १० हजार कोटींच्या पुढे आहे. ओळखपत्र नसलेल्या चौथ्या पायरीवरच्या बायका त्यात आल्या की आकडा वाढेल, आणि तो वाढलाच पाहिजे.

हे पैसे एकट्या महापालिकेने का द्यावेत? प्लास्टिकच्या वेष्टनात माल विकणाऱ्या कंपन्यांवर ते वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी प्लास्टिक कचरा नियमांनी टाकलेली आहे. ती पार पाडल्याची प्रमाणपत्रं पुनर्प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांकडून विकत घेतली जातात. व्यवहार तिथे पूर्ण होतो. रस्त्यावरून ती पिशवी ज्या हाताने उचलली, तो हात या साखळीत कुठेही दिसत नाही. टनामागे ऊसतोडीसाठी १० रुपये ठरवता आले, तर टनामागे वेचकांसाठी लेव्ही ठरवायला काय हरकत आहे? ती मंडळात जमा व्हावी, मंडळावर वेचकांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधी असाव्यात. त्यातून पहिल्या वर्षी एकच गोष्ट करावी: डॉक्टरचा कागद दाखवणाऱ्या प्रत्येक वेचकाला वर्षाला १५ दिवसांचा आजारी रोज, किमान वेतनाच्या दराने, थेट खात्यात. दुसऱ्या वर्षी बाळंतपण. क्षयाच्या रुग्णाला मात्र पहिल्याच वर्षापासून, उपचार चालू आहेत तोवर.